खालच्या फळीवरच्या वाट्या

२८ अंश. कपाटातलं तापमान.

सोमवारी सकाळी शिवानीनं स्टोअरमधलं लोखंडी कपाट उघडलं आणि किल्ली दोऱ्यासकट तिच्या हातातून खाली पडली.

खालच्या फळीवरच्या सगळ्या वाट्यांना भेगा गेल्या होत्या. वाट्या जागच्या हलल्या नव्हत्या. शनिवारी तिनं मांडल्या तशाच, तोंडं वर करून, ओळीनं उभ्या होत्या. फक्त प्रत्येकीच्या अंगातून काठापासून बुडापर्यंत एक चकचकीत रेघ उतरली होती. वरच्या फळीवरच्या वाट्यांना मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच, आणि ती शनिवारपासून शिवानीच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती.

कपाटातून एक मंद वास आला. तो रोजच्या ओळखीचा, म्हणून तिच्या लक्षात आला नाही. वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावा.

वाट्या दूध काढायच्या मशीनच्या होत्या. गाईच्या चार सडांना लावलेल्या चार नळ्या जिथं येऊन मिळतात, ती ही मुठीएवढी पारदर्शक वाटी. दूध कसं उतरतंय हे गोठ्यातल्या माणसाला तिच्यातून दिसतं. रोज दोन वेळा तिला सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुवायचं. साध्या प्लास्टिकचं हे काम नव्हे. म्हणून ही पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकची: पातळ केलेल्या मधाच्या रंगाची, काचेसारखी निवळ. काठाला स्टीलचं एक कडं, प्लास्टिकमध्येच रुतवून बसवलेलं. २००४ सालच्या त्या उन्हाळ्यात हातकणंगले स्टेशनपलीकडच्या शेडांत असला माल पहिल्यांदाच निघत होता.

कारखान्याचे मालक गणपतराव. अर्धं आयुष्य त्यांनी फाउंड्रीत पंपाच्या लोखंडी बॉड्या ओतल्या होत्या, आणि आता उरलेलं आयुष्य या मधाळ दाण्यांवर लावलं होतं. ते कपाटापाशी आले, खाली वाकले, आणि एकेक भेग बघितली. मग उठून त्यांनी शिवानीपुढं हात पसरला.

"किल्ली."

"मालक, मी काय..."

"तुझा भाऊ सम्राट कुठं कामाला हाय?"

शिवानीनं खाली बघितलं. सम्राट गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या मोल्डिंग कारखान्यात होता, हे सगळ्या शेडला माहीत होतं. याच वाट्यांचं काम त्या कारखान्यालाही हवं होतं, हेही.

"किल्ली दे म्हणलं न्हवं!"

३७ अंश. माणसांचं तापमान.

माल घेणाऱ्या कंपनीनं फोनवर एकच सांगितलं: कशाला हात लावू नका, आमचं माणूस येतंय. आलं ते माणूस म्हणजे तेजस्वी कुरणे. तिशीची, मूळची शिरोळची, प्लास्टिकची इंजिनियर. तुटलेल्या वस्तू का तुटल्या हे शोधणं हा तिचा धंदा. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, डोक्यावर सरकवलेला उन्हाचा चष्मा.

"सांजपतोर ठरवा," गणपतराव म्हणाले. "न्हाय ठरलं तर मी पोलिसात जातो. नाव माझ्याकडं तयार हाय."

"नाव मला नको," तेजस्वी म्हणाली. "आधी माणसं द्या. एकेक करून."

*वॉचमन केरबा, गेटाशी.*

"जयभीम, ताई. शिरोळच्या कुरण्यांच्यातल्या न्हवं तुमी?"

"जयभीम. व्हय की काका. काल रविवारी कोण आलं होतं?"

"कुत्रं. आणि त्यो सम्राट आलता, भणीचा डबा ऱ्हायला म्हणून."

"आत गेला?"

"मी हितं कशाला बसलोय मग? डबा मी आणून दिला. गेटाभायेर." केरबा जरा पुढं वाकला. "पर एक इचित्र सांगू? दुपारी स्टोअरातनं आवाज यीत होता. टक्. मग जरा दम खाऊन परत टक्. बाहेरनं कुलूप, आत कोण न्हाय."

"काय वाटलं?"

"पाल म्हणलं. पर पाल चुकचुकती, ताई. टक् करत न्हाय."

*शिवानी, पॅकिंगच्या टेबलाशी.*

"सकाळच्या वाट्या वरच्या फळीवर, दुपारनंतरच्या खालच्या. मालक आले, माल बघितला, नेहमीचं झालं, मी कुलूप लावलं. एवढंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"नेहमीचंच की." तिनं डोळे पुसले. "ताई, भाऊ तिथं हाय म्हणून मी फोडणारी झाले? आमच्या गल्लीत पोलिसाची गाडी आली तर कोण विचारणार हाय, वाटी कशानं फुटली ते? म्हणतील, गणपतरावाची किल्ली हिच्याकडं हुती."

*मशीनवाला आकाराम, हुपरीचा.*

"चांदीच्या घरात वाढलो. पैंजणं घडवत होतो. मग डोळं गेलं, सांधायला डाग लावायची जागा दिसंना. हितं वस्तू मोठी, दिसती तरी."

"शनिवारचा माल कसा होता?"

"एक नंबर! दुपारचा तर सकाळपरीस भारी."

"भारी म्हणजे?"

"मऊ. अंगातला ताठा काढलेला." आकाराम हसला. "मालकास्नी सांगू नका. आपली हुपरीची इद्या हाय."

तेजस्वीनं पेन खाली ठेवलं. पण आकारामला मशीननं बोलावलं आणि तो उठून गेला.

*गणपतराव, केबिनमध्ये. कानात फाया.*

"तुम्ही कुणाकुणावर संशय घेता?"

"घ्यायचा कशाला, दिसतोय की. कपाट बंद, किल्ली एकीकडं."

"सगळ्या वाट्या का नाही फोडल्या तिनं?"

"खाली बसून खालच्या फोडल्या. वरच्यांना वेळ मिळाला न्हाय."

"कपाटात एक कण सापडला नाही. हातोडीनं मारलं तर कण उडतो."

गणपतरावांनी कानातला फाया नीट बसवला. मग म्हणाले, "म्याडम, माझा पहिला माल म्हंजे लेक हाय माझी. मी स्वच्छ हात धुतल्याबगर त्याला शिवत न्हाय. तुमी मला शिकवू नका."

१४० अंश. साच्याचं तापमान.

तेजस्वी मशीनसमोर स्टूल घेऊन बसली. तिनं हजारदा बघितलं होतं, तरी दर वेळी ती बघतच राहायची.

मशीनच्या पाठीवरच्या डब्यातून दाणे खाली उतरत होते, तांदळाएवढे, पिवळसर. तापलेल्या नळीत फिरणारा स्क्रू त्यांना पुढं रेटत होता. आकारामनं चिमट्यानं स्टीलचं कडं साच्यात बसवलं, दार ओढलं. साच्याचे दोन जबडे मिटले. मग नळीच्या तोंडून तो वितळलेला मध साच्यात घुसला, डोळ्याची पापणी लवायच्या आत. शेडची जमीन किंचित थरथरली. थोडी शांतता. जबडे उघडले. आणि जिथं काहीच नव्हतं तिथं वाटी होती, पूर्ण, निवळ, आपल्या कड्यासकट.

साचासुद्धा गरम होता. त्याच्या पोटातून तापलेलं तेल फिरत होतं. लोखंड ओतणाऱ्या गणपतरावांना पहिल्यांदा याचं हसू आलं होतं, हे तेच सांगायचे: थंड करायच्या वस्तूला उलट शेकायचं!

"आता ही वाटी कुठं जाते?" तेजस्वीनं विचारलं.

"भट्टीत. हळूहळू निवते." आकारामनं लहान ओव्हनकडं बोट दाखवलं. ओव्हनचा वरचा खण उघडा होता, वाट्या घ्यायला तयार.

"शनिवारी दुपारीही भट्टीतच?"

"न्हाय. दाणं संपलं हुतं. नवीन पोतं फोडलं. दाणं वाळवायला तीच भट्टी, मग सगळे खण भरलं. वाट्या ठेवायच्या कुठं?"

मशीनच्या पायाशी पाण्याची बादली होती. तेजस्वी तिच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर मशीनच्या टपावर गेली. तिथं एक वाटी होती, तिच्यात आकारामची सुपारी.

"ही?"

"शनिवारचीच, दुपारची. काळा ठिपका आला म्हणून बाद केलती. कपाटात गेलीच न्हाय."

तेजस्वीनं सुपारी काढून ठेवली आणि वाटी उजेडात धरली. खालच्या फळीवरच्या सगळ्या फुटल्या होत्या. त्यांच्याच पाळीची ही बहीण अखंड होती.

३७० अंश. नळीतलं तापमान. वाटीची साक्ष.

*आधी मी गुंता होते. लांबच लांब साखळ्यांचा गुंता, एकमेकींत अडकलेला, दाण्याच्या आत झोपलेला. मग उष्णता आली. आम्ही साखळ्या एकमेकींवरून घसरू लागलो. कुणी कुणाला धरून नव्हतं. मागून रेटा आला आणि आम्ही एका बारीक भोकातून धावत सुटलो. समोर पोकळी होती, तिचाच आकार आम्ही घेतला. मधोमध एक कडं उभं होतं. लोखंडाच्या जातीचं, थंड स्वभावाचं. आम्ही त्याला मिठी मारली.*

*निवताना आम्ही आखडतो. कडं आखडत नाही, आखडलं तरी थोडंसंच. मिठी घट्ट होते. पण सावकाश निवलो, तर साखळ्यांना वेळ मिळतो. जिला ओढ बसते ती जरा सरकते, जागा करून घेते. मिठी घट्ट असते, पण दुखत नाही.*

*सकाळच्या वाट्यांना तो वेळ मिळाला. मी दुपारची. मला साच्यातून उचललं, आणि*

तापमान नाही. नुसता उजेड.

साक्ष तिथंच तुटते, कारण पुढचं वाटीला बोलून सांगता येत नाही. ते दाखवावं लागतं.

तेजस्वीनं पॅकिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि स्क्रीन कोरी पांढरी केली. सगळ्यांना बोलावलं. गणपतराव, शिवानी, आकाराम, गेट सोडून आलेला केरबा.

"चष्मा घाला," ती गणपतरावांना म्हणाली आणि डोक्यावरचा चष्मा काढून दिला. "मान तिरकी करत जा. स्क्रीन काळी दिसेल तिथं थांबा."

गणपतरावांनी चष्मा घातला. कुणीतरी हसलं. मान कलती केली, अजून कलती केली.

"आयला. बंद पडला कम्प्युटर."

"बंद नाही पडला. या स्क्रीनचा उजेड एकाच दिशेनं डोलतो, आणि हा चष्मा त्या दिशेला अडवतो. म्हणून काळं. आता बघा." तिनं वरच्या फळीवरची एक वाटी स्क्रीनसमोर धरली.

काळ्या स्क्रीनसमोर वाटी उगवली. फिक्कट राखाडी, काठाशी जरा पिवळसर, ढगामागच्या चंद्रासारखी शांत.

"आता ही." सुपारीची वाटी.

गणपतराव एक पाऊल पुढं आले. त्यांनी हात पुढं केला, जणू शिवून बघायचं होतं. शिवानीनं न राहवून विचारलं, "काय दिसतंय, मालक?" त्यांनी चष्मा काढून मुकाट्यानं तिच्या हातात दिला. सकाळपासून तिला दिलेली ती पहिली वस्तू.

शिवानीनं बघितलं. स्टीलच्या कड्याभोवती रंगांची वर्तुळं दाटून आली होती. जांभळा, हिरवा, लाल, परत हिरवा, परत लाल, एकावर एक, इतकी जवळ की मोजता येईनात. निवळ पाण्यासारख्या वाटीच्या आत कुणी मोर पिसारा दाबून बसवला होता.

"हे रंग कुठनं आले?" तिनं अगदी हळू विचारलं.

"वाटीतच होते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या; त्या जिथं ताणलेल्या असतात तिथं उजेडाचं डोलणं वळतं आणि रंग फुटतात. जितका ताण, तितकी वर्तुळं दाट."

चष्मा केरबाकडं गेला. त्यानं छातीवर हात ठेवला. शेवटी आकारामकडं आला. तो सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिला, दुबळ्या डोळ्यांनी, नाक वाटीला टेकवून. चष्मा उतरवला तेव्हा तो हसत नव्हता.

"ताई, ही मीच केली न्हवं?"

"काय केलंत ते सांगा."

"चांदी ठोकली की ताठ हुती. मग लाल तापवायची आणि पाण्यात टाकायची. चुर्र! लोण्यावानी मऊ हुती. बापानं शिकीवलं, त्याला त्याच्या बापानं." त्यानं बादलीकडं बघितलं. "भट्टी भरलेली. म्हणलं, ह्यास्नीबी तसंच मऊ करू."

"चांदी पाण्यात टाकली तर सैल होते. ही पाण्यात टाकली तर आहे तशी गोठते. कड्याभोवतीची मिठी घट्ट होत असतानाच तुम्ही तिला थिजवलीत. साखळ्यांना सरकायला वेळच दिला नाही."

"मग गावला की!" गणपतराव ओरडले. "आकाराम, तू? माझ्या पोटावर..."

"थांबा," तेजस्वी म्हणाली. "ही वाटीसुद्धा त्याच बादलीतली आहे. हिच्यात शनिवारपासून सुपारी आहे. ही का नाही फुटली?"

आकारामनं वाटी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

पुन्हा २८ अंश.

तेजस्वीनं बॅगेतून पांढरा रुमाल काढला. खालच्या फळीवरच्या एका वाटीचा काठ पुसला, मग वरच्या फळीवरच्या एकीचा. रुमालावर दोन तेलकट टिपके उमटले. तिनं ते हुंगले.

"भेग कुठून सुरू होते ते बघा. प्रत्येक वाटीत एकाच जागी, काठाशी, कड्याला लागून. बोटाच्या टोकाएवढ्या डागापासून. कपाट उघडल्यावर मला लग्नमंडपात आल्यासारखं वाटलं. शिवानी, शनिवारी 'नेहमीचं' झालं म्हणालीस. काय झालं?"

"ते व्हय? ते काय सांगायचं! मालकांनी अत्तर लावलं की. पहिल्या मालाला लावतातच."

"सगळ्या वाट्यांना?"

"एकेकीला. बोटानं."

"फाउंड्रीपासनंची रीत हाय आमची," गणपतराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पहिला माल दाराभायेर निघाला की अत्तराचं बोट लावून धाडायचा. पाव्हण्याला लावतो तसं. पंपाच्या बॉड्यांना लावलं, वीस-वीस वरसं चालल्या पंप. कुणाला काय झालं न्हाय."

"लोखंडाला काय होणार? ते अत्तर आत घेतच नाही."

"मग ह्या वरच्या वाट्यांनाबी लावलं की मी! त्या कशा ऱ्हायल्या?"

"तेच तर." तेजस्वी म्हणाली. "नुसत्या अत्तरानं फुटत नाही, वरची फळी साक्षीला आहे. नुसत्या पाण्यानं फुटत नाही, सुपारीची वाटी साक्षीला आहे. गणपतराव, अत्तर आहे खिशात?"

त्यांनी कोटाच्या खिशातून लहानशी कुपी काढली.

"शनिवारी जसं लावलंत तसंच हिला लावा."

सुपारीची वाटी टेबलावर होती. गणपतरावांनी बोट कुपीला लावलं. मग थबकले. आकारामकडं बघितलं, शिवानीकडं बघितलं. आणि काठाशी, कड्याला लागून, बोट टेकवलं. जपून, लेकीच्या कपाळाला टेकवावं तसं.

केरबानं चहा आणला. तो कपांतच निवला. मशीन आकारामनं बंद केलं होतं. पत्र्यावर ऊन कडकडत होतं. वाटी जशीच्या तशी उभी होती, आणि गणपतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक आशा आली.

"बघा, काय होत न्हाय. मी म्हणलं न्हवतं..."

टक्.

काठाशी केसाएवढी चकाकी उमटली. ती क्षणभर थांबली, जणू वाट शोधत होती, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणाचा हात न लागता, वाटीच्या अंगातून सरळ बुडापर्यंत उतरली.

"ह्योच," केरबा कुजबुजला. "ह्योच आवाज. रविवारी."

गणपतराव आपल्या बोटाकडं बघत होते.

"ताणलेल्या साखळ्यांत अत्तर शिरलं, एखादीत घटकाभरात, एखादीत दिवस उलटून," तेजस्वी म्हणाली, "आणि त्यांनी एकमेकींना सोडलं. कपाटाला कुलूप लागलं तेव्हा फुटणं आधीच आत ठेवलेलं होतं. कोण बाहेरून आलं नाही, कुणाला यायची गरजही नव्हती. एकानं मायेनं पाण्यात टाकली, एकानं मायेनं अत्तर लावलं. दोघंही धातूची माणसं. तुमच्या धातूनं तुम्हाला कधी फसवलं नव्हतं."

"मग पोलीस?" केरबानं विचारलं.

"कुणाला पकडतील?" तेजस्वीनं फुटलेली वाटी उचलली. "कंपनीला मी सांगते. वरची फळी पुसून चालेल. खालच्या फळीच्या वाट्या साच्यातून नव्यानं पाडा, भट्टीत निववा, आणि प्रत्येक वाटी कपाटात जायच्या आधी असल्या स्क्रीनसमोर धरून चष्म्यातून बघा. चष्मा ठेवून जाते मी, स्क्रीन कंपनीकडून धाडते."

"दाणं वाळवायला दुसरी भट्टी आणतो," गणपतराव म्हणाले. आकाराम बादली उचलून बाहेर गेला, पाणी लिंबाच्या बुंध्याला ओतलं, आणि रिकामी बादली पालथी घालून आला.

गणपतरावांनी खिशातून किल्ली काढली. दोऱ्यासकट. शिवानीसमोर उभे राहिले.

"पोरी, हात कर."

तिनं उजवा हात पुढं केला. किल्लीसाठी तळवा वर. गणपतरावांनी तो हात धरला, पालथा केला, आणि मनगटामागं अत्तराचं बोट ओढलं. पाव्हण्याला लावतात तसं. मग किल्ली दिली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, कारण हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं. "सम्राटलाबी सांग. उद्या मी स्वतः घरी येतो सांगायला."

शिवानीनं हात नाकाशी नेला. मग त्याच हाताकडं रागानं बघितलं.

"मालक, हे काय करून ठेवलं? आता ह्या हातानं वाट्या मांडू कशा मी?"

आकारामला हसू फुटलं, मग केरबाला. गणपतराव आधी गोंधळले, आणि मग तेही.

शिवानी वरच्या फळीपाशी गेली. उजवा हात पाठीमागं धरून, डाव्या हातानं तिनं एकेक वाटी रुमालानं पुसली, लॅपटॉपच्या उजेडासमोर धरून चष्म्यातून बघितली, आणि परत ठेवली. प्रत्येकीत तोच फिक्कट, शांत चंद्र. मग कपाटाचं दार लोटून डाव्याच हातानं कुलूप लावलं.